दोन शिट्ट्यांच्या मध्ये: कुस्तीत डोके ताळ्यावर ठेवण्याचा सराव

जिल्हा निवड चाचणीतली ती लढत मला गुणांसकट आठवते. माझ्याकडे ५-३ अशी आघाडी होती, घड्याळात शेवटची चाळीस सेकंदे उरली होती आणि मी मॅटच्या कडेकडे पाठ करून मागे मागे सरकत होतो. प्रतिस्पर्धी दमला होता, त्याचे हात खाली आले होते, पुढचा पाय एकेरी पटासाठी, म्हणजे एक पाय धरून पाडण्याच्या डावासाठी, उघडा पडला होता. पण मला दिसत होते ते फक्त घड्याळ. त्याने मला वर्तुळाबाहेर रेटले आणि एक गुण घेतला. मी मध्यभागी परत आलो, शिट्टी वाजली आणि मी पुन्हा एकदा घड्याळाकडे पाहिले. नेमक्या त्याच क्षणी त्याने दुहेरी पट काढला, माझे दोन्ही पाय धरून मला पाडले. ५-६. माझी कुस्ती तिथेच संपली.

संध्याकाळी तालमीत वस्तादांनी डावाबद्दल काहीच विचारले नाही.

"घड्याळाकडं कितींदा बघितलास?" एवढेच ते म्हणाले.

"ध्यानात न्हाई, वस्ताद."

"मी मोजलंय. सात येळा. तेवढ्यात दोन पट निघत्यात."

शांत डोक्याचा पैलवान जन्मालाच यावा लागतो, असे तालमीत सर्रास बोलले जाते. पुढे स्वतः पोरांना शिकवू लागल्यावर माझे हे मत पार बदलले. ज्याला आपण शांतपणा म्हणतो तो बहुतेक वेळा पुढच्या दहा सेकंदांत काय करायचे याची खात्री असण्यातून येतो, आणि ही खात्री जोर-बैठकांसारखीच रोजच्या मेहनतीने कमावता येते. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने मॅटवर, म्हणजे गादीवर, लढणाऱ्या तरुण मल्लांसाठी आणि त्यांच्या प्रशिक्षकांसाठी आहे. ज्युदो किंवा बॉक्सिंग करणाऱ्यांनाही यातील बरेचसे उपयोगी पडेल, फक्त नियमांचा भाग त्यांनी आपापल्या खेळानुसार बदलून घ्यावा.

आधी स्वतःचे शरीर ओळखावे

दडपण आले की शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते. अ‍ॅड्रेनॅलिन वाढते, हृदयाचे ठोके जलद होतात, तोंड कोरडे पडते, पोटात खड्डा पडल्यासारखे वाटते, हाताचे तळवे ओले होतात. या साऱ्यात वाईट असे काही नाही, कारण याच तयारीच्या जोरावर मल्ल पहिल्या शिट्टीला जागा होऊन लढतो. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवरील प्रयोगांतून जे दाखवले, त्याचा तालमीच्या भाषेत अर्थ असा की काही मर्यादेपर्यंत उत्तेजना वाढली की काम सुधारते आणि त्यापुढे गेली की बिघडते; काम जितके बारकाव्याचे, तितकी ही मर्यादा लवकर येते. रेटारेटी करायला भरपूर आवेश चालतो, पण बगलडूब मारून, म्हणजे समोरच्याच्या बगलेखालून शिरून, पाठीमागे जायचे असेल तर हातात आणि नजरेत थोडी ढील असावी लागते.

प्रत्येक मल्लाचा बिघाड वेगळ्या जागी सुरू होतो. कोणी श्वास रोखून धरतो, आणि दीड मिनिटात त्याचे हात जड होतात. कोणी समोरच्याचे मनगट इतक्या जोराने आवळतो की दुसऱ्या फेरीपर्यंत कोपरापासून खालचा हात दगडासारखा घट्ट होतो आणि पकडच लागत नाही. कोणाचा पवित्रा उंच होतो, कंबर सरळ होते आणि दोन्ही पाय पटाला मोकळे पडतात. काही जण उलट वागतात: त्यांना वाट पाहणे सहन होत नाही, म्हणून लांबूनच पटात शिरतात आणि खाली दाबले जातात. आणि काही जण, माझ्यासारखे, घड्याळ पाहतात.

म्हणून पहिले काम वहीचे आहे. पुढील पाच लढतींनंतर, मग त्या सरावातल्या का असेनात, त्याच संध्याकाळी तीन ओळी लिहाव्यात: कोणत्या क्षणी घाबरल्यासारखे झाले, त्या क्षणी शरीराने काय केले आणि नजर कुठे होती. शक्य असल्यास मोबाइलवर चित्रीकरण करून घ्यावे, परंतु ते पाहण्याआधी वही लिहावी, कारण आपल्याला वाटलेले आणि प्रत्यक्षात घडलेले यांतील अंतर हाच या अभ्यासाचा गाभा आहे. माझ्या हाताखालच्या एका मुलाने सलग चार वेळा 'दम संपला' असे लिहिले होते. चित्रीकरणात दिसले ते असे की चारही वेळा पहिला गुण गेल्याबरोबर त्याने तोंड मिटून घेतले होते आणि पुढची पंधरा-वीस सेकंदे त्याची छाती हललेलीच नव्हती. त्याचा दम कमी नव्हता, तो श्वास घेतच नव्हता. त्याला आणखी पळवून काहीही साधले नसते.

श्वास

श्वासाबद्दल सल्ले पुष्कळ मिळतात, त्यांतील मॅटवर उपयोगी पडणारे थोडेच. मी दोनच गोष्टी शिकवतो.

पहिली झटापटीच्या आतली. जोर लावताना श्वास सोडायचा. पट काढताना, रेटा देताना, खाली दाबलेले असताना उठताना, दातांतून 'स्स' असा आवाज करीत हवा बाहेर काढायची. आवाज आवश्यक आहे, कारण तो ऐकू आला तरच प्रशिक्षकाला कळते की मल्ल श्वास घेतो आहे. आठवडाभर सरावात असा नियम ठेवावा की आवाज थांबला की प्रशिक्षक लढत थांबवेल. पहिले दोन दिवस पोरे हसतात, नंतर सवय लागते.

दुसरी गोष्ट झटापटीच्या बाहेरची. नाकाने श्वास घ्यावा आणि घेतल्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लावून तोंडाने सोडावा. लांबलेल्या उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती किंचित उतरते. ही शरीराची उपजत घडण आहे, त्यात चमत्कार काही नाही. मात्र लढतीच्या दिवशी पहिल्यांदा करून पाहिले तर याचा फायदा होत नाही. रोजच्या कुस्त्यांनंतर, छाती भात्यासारखी चालू असताना, असे तीन श्वास जमले पाहिजेत. पहिल्या आठवड्यात ते जमणार नाहीत, उच्छ्वास मध्येच तुटेल. तरीही करीत राहावे.

या सरावाची खरी जागा म्हणजे दोन फेऱ्यांमधली तीस सेकंदे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रौढ गटाची फ्रीस्टाइल लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती मिळते. बहुतेक तालमींत सरावाच्या लढती सलग खेळवल्या जातात आणि ही विश्रांती कोणी घोटवून घेत नाही, याचे मला आजही नवल वाटते. तिची वाटणी ठरलेली असावी. पहिली दहा सेकंदे कोणीही काही बोलायचे नाही. मल्लाने फक्त तीन लांब उच्छ्वास टाकायचे, पाण्याने तोंड ओले करायचे. पुढच्या दहा सेकंदांत प्रशिक्षकाने एकच गोष्ट सांगायची, आणि ती 'काय करू नकोस' अशी नसावी. 'मागं सरकू नको' ऐकलेल्या मुलाच्या डोक्यात मागे सरकणेच राहते. 'डावा हात त्याच्या मानेवर ठेव' ऐकलेल्या मुलाला काम मिळते. उरलेल्या वेळात मल्लाने तीच सूचना स्वतःच्या तोंडाने परत म्हणायची आणि मध्यभागी जायचे. तोंडाने परत म्हणणे फार महत्त्वाचे आहे. होकारार्थी मान हलवणारा मुलगा बऱ्याचदा काहीच ऐकत नसतो.

नजर आणि खुणेचा शब्द

खडाखडी, म्हणजे उभ्याने हाताला हात लावून एकमेकांना अजमावणे, चालू असताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहण्याची सवय मातीतल्या कुस्तीतून येते. सलामी झाली की एकमेकांना जोखणे हा तिथल्या रंगाचा भाग असतो. परंतु डोळे हुलकावणी देतात, चेहरा राग किंवा भीती दाखवतो आणि आपले मन त्यात अडकते. नजर छातीच्या खालच्या भागावर, कमरेच्या जरा वर, सैल ठेवावी. कंबर हलल्याशिवाय कोणताही डाव येत नाही, आणि तिथे नजर ठेवली की हात-पाय दोन्ही कडेला दिसत राहतात. घाबरल्यावर दृष्टीचा आवाका आकसतो. म्हणून सरावात अधूनमधून प्रशिक्षकाने बाजूला उभे राहून बोटे दाखवावीत आणि मल्लाने नजर न हलवता ती किती आहेत हे सांगावे. खेळ पोरकट वाटतो, पण भिरभिरती नजर एका जागी बसवायला त्याइतका सोपा उपाय मला सापडलेला नाही.

नजरेबरोबर एक शब्द असावा. 'खाली', 'हात', 'पाय', 'चल', असा एक-दोन अक्षरी, आपल्या घरच्या बोलीतला. ज्याचा पवित्रा उंच होतो त्याने 'खाली' घ्यावा, ज्याची पकड ताठरते त्याने 'सैल'. हा शब्द स्वतःला धीर देण्यासाठी नसतो. 'मी जिंकणारच' हे वाक्य मॅटवर कुचकामी आहे, कारण ते निकालाबद्दल बोलते आणि निकाल हा तर सगळ्या दडपणाचा उगम आहे. 'खाली' म्हटले की गुडघे वाकतात आणि तेवढ्यापुरते तरी दुसरे काही सुचत नाही. शब्द एकदा निवडला की किमान दोन महिने बदलू नये.

गुणफलकाशी मैत्री

दडपणाचा मोठा भाग अज्ञानातून येतो, हे माझे ठाम मत आहे. आपल्याकडची अनेक मुले डाव उत्तम मारतात, परंतु ४-४ अशी बरोबरी असताना कोण पुढे आहे हे त्यांना सांगता येत नाही, आणि मग शेवटच्या मिनिटात ती कोपऱ्यातल्या माणसाच्या तोंडाकडे पाहत राहतात. पट काढून ताबा घेतला की दोन गुण, समोरच्याची पाठ मॅटकडे वळवली की दोन, खालून सुटून वर येत उलटा ताबा मिळवला की एक, वर्तुळाबाहेर ढकलले की एक. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांचा फरक पडला की लढत तिथेच संपते. निष्क्रिय राहणाऱ्या मल्लाला समज मिळते, नंतर तीस सेकंदांचे वेगळे घड्याळ लागते आणि तेवढ्यात कोणीच गुण घेतला नाही तर समोरच्याला एक गुण जातो. गुण समसमान झाल्यास अधिक मोठ्या किमतीचा डाव कोणाचा, मग ताकीद कोणाला कमी आणि मग शेवटचा गुण कोणाचा, या क्रमाने निकाल लागतो. प्रशिक्षकाने पंचांच्या निर्णयाला दिलेले आव्हान फेटाळले गेले तर एक गुण प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जमा होतो. एवढे नियम गुणाकाराच्या पाढ्यांसारखे पाठ हवेत.

नियम पाठ असणे म्हणजे काय, हे पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये दिसले. ५० किलो गटात विनेश फोगाटसमोर जपानची युई सुसाकी होती, जी आंतरराष्ट्रीय लढतींत तोवर एकदाही हरलेली नव्हती. निष्क्रियतेमुळे विनेशचे दोन गुण गेले आणि ती ०-२ अशी मागे पडली. पण ते दोन्ही गुण एकेकटे होते. म्हणजे एकच ताबा मिळाला तरी २-२ होणार आणि मोठ्या डावाच्या नियमाने ती पुढे जाणार होती. अखेरच्या काही सेकंदांत तिने तो ताबा मिळवला; जपानी बाजूचे आव्हान फेटाळले गेले आणि लढत ३-२ अशी संपली. ०-२ हा आकडा पाहून दुसरी एखादी मल्ल लगेच आततायीपणे आत शिरली असती आणि सुसाकीला हवे तेच मिळाले असते.

मागे पडल्यावर काय करायचे याची आणखी दोन उदाहरणे प्रत्येक तालमीत दाखवण्यासारखी आहेत. रिओमध्ये २०१६ साली साक्षी मलिक कांस्यपदकाच्या लढतीत किर्गिझस्तानच्या मल्लाविरुद्ध ०-५ अशी मागे होती आणि ८-५ अशी जिंकली; निर्णायक गुण अगदी शेवटच्या सेकंदांतले आहेत. टोकियोत २०२१ साली रवी दहिया उपांत्य लढतीत २-९ असा मागे पडला होता. फरक आणखी तीन गुणांनी वाढला असता तर कुस्ती थांबलीच असती. अखेरच्या मिनिटात त्याने पकड साधली आणि कझाकस्तानच्या मल्लाला चितपट केले. त्या पकडीत त्याच्या दंडावर दातांच्या खुणा उमटल्या, तरी हात सुटला नाही. या लढतींचे चित्रीकरण पाहताना गुणांकडे न पाहता गुण गेल्यानंतरच्या पाच सेकंदांकडे पाहावे. दोघेही उठतात, मध्यभागी जातात आणि पवित्रा घेतात. पंचांशी हुज्जत नाही, कोपऱ्याकडे केविलवाणे पाहणे नाही.

हे सरावात कसे आणायचे? आठवड्यातून दोन दिवस पूर्ण सहा मिनिटांच्या लढतींऐवजी प्रसंग खेळवावेत. फलकावर खडूने २-५ लिहावे, घड्याळात एक मिनिट लावावे आणि मागे असलेल्या मुलाला लढायला सांगावे. दुसऱ्या दिवशी त्यालाच ५-४ अशी आघाडी आणि चाळीस सेकंदे द्यावीत. तिसऱ्या प्रसंगात पंच म्हणून उभ्या असलेल्या मुलाने मुद्दाम एक चुकीचा गुण द्यावा. प्रत्येक प्रसंगासाठी मल्लाने आधीच 'असे झाले तर हे करीन' असे एक वाक्य ठरवलेले असावे. उदाहरणार्थ, 'आघाडीवर असताना शेवटचे मिनिट लागले, तर मी मध्यभाग सोडणार नाही आणि पहिला हात माझा लागेल.' किंवा, 'दोन गुणांनी मागे असलो आणि तीस सेकंदे उरली, तर उजव्या हाताने मान खेचून एकेरी पट.' वाक्य जितके बारीक तितके चांगले. 'जोरात लढेन' हे वाक्य नव्हे.

आघाडीवर असताना लढणे हे मागे असताना लढण्यापेक्षा अवघड असते, असे मला वाटते. मागे पडलेल्याला निदान काम ठाऊक असते. पुढे असलेल्याला वाटते की आता काही करायचे नाही. मॅटचे लढण्याचे वर्तुळ नऊ मीटर व्यासाचे असते आणि त्याच्या कडेचा एक मीटर रुंदीचा रंगीत पट्टा हा इशारा असतो. आघाडी टिकवण्याचा सराव म्हणजे त्या पट्ट्यावर पाय पडला की लगेच बाजूने फिरून पुन्हा मध्यभागाकडे येण्याचा सराव. मी हा सराव त्या निवड चाचणीनंतर वर्षभर केला. आधी का केला नाही याचे उत्तर सरळ आहे: आमच्या तालमीत तेव्हा लाल मातीचा हौदाच होता आणि मॅट आम्ही फक्त स्पर्धेत पाहत होतो.

माती, मॅट आणि गोंगाट

मातीवरून मॅटवर येणाऱ्या मल्लाचे दडपण थोडे निराळे असते आणि महाराष्ट्रात ते अजूनही बहुतेकांच्या वाट्याला येते. जत्रेच्या फडात निकाली कुस्ती असते, म्हणजे चितपट झाल्यावरच निकाल लागतो, गुण नसतात, हलगी घुमत असते, वेळ लांबला तरी लोक खपवून घेतात आणि संयमाला दाद मिळते. मॅटवर तोच संयम निष्क्रियता ठरतो. मातीत पाय रुततो, मॅटवर बूट पकडतो. अंगाला माती लावण्याची, शड्डू ठोकण्याची, हौद्याला नमस्कार करण्याची जी सवय मातीत मन स्थिर करीत असते, ती गादीवर एकदम नाहीशी होते. त्यामुळे मॅटसाठी स्वतःचा छोटा विधी बांधून घ्यावा: कडेला थांबून वाकून गादीला हात लावावा, बुटाच्या नाड्या तपासाव्यात, एक लांब उच्छ्वास, खुणेचा शब्द, आणि मग आत. दर वेळी त्याच क्रमाने. विधी तीस सेकंदांहून मोठा नसावा, नाही तर पंचांनी घाई केली की तो मोडतो आणि मोडलेला विधी नसलेल्या विधीपेक्षा वाईट.

खाशाबा जाधवांचे उदाहरण इथे आठवते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिम्पिकला गेला तेव्हा गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम ही दोन्ही त्याला नवखी होती. तरीही फ्लायवेट गटात त्याने सहावा क्रमांक मिळवला. चार वर्षांनी हेलसिंकीत त्याने बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले, जे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ठरले. त्याच स्पर्धेत जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ लढत दिल्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळता त्याला सोव्हिएत मल्लासमोर उभे राहावे लागले आणि ती लढत त्याने गमावली. आजही तालुका पातळीवरच्या स्पर्धांत वेळापत्रक कोलमडते, दोन लढतींमधले अंतर घटते, मॅटचा क्रमांक ऐनवेळी बदलतो. याची तक्रार संघ व्यवस्थापकाने करावी. मल्लाने मात्र आठवड्यातून एकदा तरी दोन पूर्ण लढती दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने खेळून पाहिलेल्या असाव्यात, म्हणजे तो प्रसंग आल्यावर 'असे कसे झाले' या विचारात वेळ जात नाही.

गोंगाटाचाही सराव होतो. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता समोरासमोर येतात, तेव्हा प्रेक्षकांचा आवाज असा असतो की शेजारी उभ्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. तिथे कोपऱ्यातून लांबलचक सूचना देण्यात अर्थच नाही. सरावात ध्वनिवर्धकावर गर्दीचा आवाज लावून, बाजूला दहा पोरांना ओरडायला सांगून, फक्त एका ओळखीच्या आवाजातला एकच शब्द टिपण्याची सवय मल्लाला लावावी. पालकांना मी हात जोडून विनंती करतो की त्यांनी स्पर्धेत डावांची नावे ओरडू नयेत. बाप 'ढाक मार' म्हणतो, काका 'घिस्सा' म्हणतो, प्रशिक्षक 'थांब' म्हणतो, आणि पोर तिघांकडे पाहता पाहता खाली जाते.

वजन, झोप आणि वाट पाहणे

वजनाकडे आता येतो, कारण डोके बिघडण्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण तेच आहे. दोन दिवस पाणी तोडून, अंगावर प्लास्टिक चढवून पळून वजन उतरवलेला मुलगा चिडचिडा होतो, त्याचे लक्ष टिकत नाही आणि त्याला वाटते की आपण घाबरलो आहोत. तो घाबरलेला नसतो, सुकलेला असतो. कोणताही श्वासाचा व्यायाम त्यावर चालत नाही. वाढत्या वयाच्या मुलामुलींना असे वजन उतरवायला लावूच नये. त्यांनी वरच्या गटात लढावे. प्रौढ मल्लांनी काही आठवडे आधीपासून खुराकाच्या हिशोबाने वजन आणावे. विनेशची गोष्ट इथेही पुढे येते: सुसाकीनंतरच्या दोन लढतीही जिंकून ती अंतिम फेरीत पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरली. ज्या स्पर्धेत दोन दिवस लढायचे असते तिथे दुसऱ्या सकाळचे वजनही योजनेत धरावे लागते.

स्पर्धेच्या आदल्या रात्री झोप लागली नाही तर घाबरून जाऊ नये. त्याआधीच्या चार-पाच रात्रींची झोप भरलेली असेल तर एक रात्र भागते. स्पर्धेच्या दिवशीचा मोठा त्रास वाट पाहण्याचा असतो. सकाळी वजन होते आणि लढत दुपारी दोनला. या वेळात गटातल्या सगळ्यांच्या कुस्त्या पाहत बसणारा मल्ल स्वतःच्या लढतीआधीच चार कुस्त्या मनात लढून थकतो. एक लढत पाहावी, पुढच्या प्रतिस्पर्ध्याची एकच सवय टिपावी, मग सभागृहाच्या बाहेर जाऊन बसावे. आपल्या लढतीआधी साधारण अर्धा तास अंग गरम करायला घ्यावे, त्यात दोन-तीनदा नाडी चांगली वाढेल इतका जोर लावावा, कारण पहिला धाप लागण्याचा अनुभव मॅटवर येऊ देऊ नये. हात थरथरत असतील तर थरथरू द्यावेत. ते थांबवण्याच्या खटाटोपात जेवढे लक्ष जाते तेवढे थरथरीमुळे जात नाही, आणि पहिली पकड लागली की ती बहुतेक वेळा आपोआप जाते.

राग आणि मार

पंचांचा निर्णय चुकीचा वाटला, प्रतिस्पर्ध्याने डोके मारले, बोटे पिरगाळली, तर राग येणारच. त्यासाठी खेळ थांबलेला असतानाचे एक ठरावीक काम ठेवावे: पोशाखाचा पट्टा सरळ करणे, तळहात मांडीला पुसणे, मध्यभागाकडे चालत जाणे. चालत, धावत नाही. बोलायचे ते प्रशिक्षकाने बोलावे. वर सांगितलेला चुकीच्या गुणाचा प्रसंग सरावात दहा-बारा वेळा घडवून आणला की मुले पंचांकडे पाहणेच सोडतात.

एका बाबतीत मात्र धीर धरू नये. डोक्याला मार लागून चक्कर येत असेल, दोन दोन दिसत असेल, मळमळत असेल, गुणफलक किंवा आत्ताच झालेला डाव आठवत नसेल, तर ती डोके शांत ठेवण्याची वेळ नव्हे, लढत सोडण्याची आणि डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आहे. तसा मुलगा 'मी ठीक आहे' म्हणतोच. त्याचे ऐकू नये. मान अवघडून हातात मुंग्या आल्या तरीही हेच.

आठवड्याची मांडणी

हे सारे एकदम सुरू करू नये. पहिला आठवडा फक्त वही आणि आवाजासकट उच्छ्वास. दुसऱ्या आठवड्यात तीस सेकंदांची विश्रांती आणि खुणेचा शब्द. तिसऱ्यापासून खडूने लिहिलेले गुण आणि ठरवलेली वाक्ये, चौथ्यात गोंगाट आणि चुकीचे गुण. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात नवे काहीही नाही, असलेल्यातलेही निम्मेच. मुलींच्या बाबतीत एक सांगायचे राहिले. ज्या तालमीत मुली अजून तीन-चारच आहेत तिथे त्यांना त्याच त्या जोडीदारांशी लढावे लागते, आणि स्पर्धेत अनोळखी हात लागला की त्या गोंधळतात. महिन्यातून एक-दोन वेळा शेजारच्या तालमीत नेऊन नव्या जोड्या लावून देणे हे त्यांच्यासाठी वरील सर्व व्यायामांपेक्षा उपयोगी ठरते.

लढत संपल्यावर, जिंकली असो वा हरलेली, त्याच संध्याकाळी वही उघडावी. माझ्या त्या जुन्या वहीत निवड चाचणीच्या तारखेखाली एकच ओळ आहे: 'नजर: घड्याळ, ७ वेळा.' त्याखाली, पुढच्या मोसमातल्या एका लढतीच्या तारखेला, त्याच शाईने लिहिलेली दुसरी: 'घड्याळ, २ वेळा. दोन्ही वेळा शिट्टी झाल्यावर.'